सी. एडमंड केल्स

चार्ल्स एडमंड केल्स (२१ ऑक्टोबर, १८५६:न्यू ऑर्लिन्स, लुईझियाना, अमेरिका - ७ मे, १९२८:न्यू ऑर्लिन्स) हे अमेरिकन दंतवैद्य, संशोधक आणि लेखक होते. अमेरिकेत जिवंत रुग्णाच्या दातांचे क्ष-किरण चित्र प्रथम घेण्याचे आणि दंतवैद्यकाच्या रोजच्या कामात क्ष-किरणांचा वापर रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. यंत्र नीट चालते की नाही हे पाहण्यासाठी ते अनेक वर्षे स्वतःचा हात किरणांच्या झोतात धरीत असत. त्यातून त्यांना कर्करोग झाला, बोटे, हात आणि अखेर बाहू गमवावा लागला आणि त्या यातनांतच त्यांच्या आयुष्याचा शेवट झाला. दंतवैद्यकातील क्ष-किरणांच्या सुरक्षिततेचा इतिहास सांगताना त्यांचे उदाहरण आवर्जून दिले जाते.

सुरुवातीचे जीवन आणि शिक्षण

केल्स यांचा जन्म न्यू ऑर्लिन्स शहरात झाला. त्यांचे वडीलही दंतवैद्य होते आणि त्यांचे नावही चार्ल्स एडमंड केल्स असेच होते. त्यामुळे जुन्या लेखनात मुलाच्या नावापुढे कनिष्ठ असा उल्लेख आढळतो. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात, १८६२ मध्ये, न्यू ऑर्लिन्स संघराज्याच्या फौजांच्या ताब्यात गेले. केल्स यांचे बालपण या धामधुमीत गेले. पुढे ते शिक्षणासाठी न्यू यॉर्कला गेले आणि १८७८ मध्ये न्यू यॉर्क कॉलेज ऑफ डेंटिस्ट्री या संस्थेतून पदवीधर झाले. त्यानंतर ते न्यू ऑर्लिन्सला परतले आणि अखेरपर्यंत तेथेच व्यवसाय करीत राहिले.

व्यवसाय आणि संशोधक वृत्ती

केल्स यांना यंत्रांची आणि विजेची विशेष आवड होती. शहरांमध्ये वीज नुकतीच येऊ लागली होती, त्या काळात दवाखान्यातील उपकरणे विजेवर चालविणाऱ्या पहिल्या काही दंतवैद्यांमध्ये त्यांची गणना होते. तोंडातील लाळ आणि रक्त शोषून घेणारा विजेवर चालणारा शोषक पंप त्यांनी तयार केला. अशा पंपाचा उपयोग दंतवैद्यकापुरता मर्यादित न राहता शस्त्रक्रियागृहातही होऊ लागला. त्यांच्या नावावर सुमारे ३० पेटंट होती.

१८८५ मध्ये त्यांनी दवाखान्यात मदतनीस म्हणून एका स्त्रीची नेमणूक केली. दंतवैद्याच्या दवाखान्यात स्त्री सहाय्यक नेमण्याच्या प्रथेची ही सुरुवात मानली जाते. त्या काळी प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया सोबतीशिवाय दंतवैद्याकडे जात नसत. दवाखान्यात स्त्री मदतनीस असल्यामुळे त्यांना एकट्याने उपचारासाठी येणे शक्य झाले.

क्ष-किरणांकडे वाटचाल

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मन भौतिकशास्त्रज्ञ विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला आणि वर्षअखेरीस तो प्रसिद्ध झाला. त्यानंतर काही दिवसांतच, जानेवारी १८९६ मध्ये, ब्राउनश्वाइग येथील दंतवैद्य ओटो वाल्कहोफ यांनी स्वतःच्या तोंडात काचपट्टी धरून दातांचे चित्र घेतले. त्यासाठी त्यांना २५ मिनिटे किरणांसमोर राहावे लागले. अमेरिकेत न्यू यॉर्क येथील विल्यम मॉर्टन यांनी त्याच वर्षी एका कवटीतील दातांचे चित्र घेतले.

न्यू ऑर्लिन्स येथील तुलेन विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक असलेले ब्राउन एअर्स यांच्याकडून केल्स यांना या किरणांची माहिती मिळाली. एअर्स यांच्या मदतीने त्यांनी आपल्या दवाखान्यात यंत्रणा उभी केली आणि १८९६ मध्येच जिवंत व्यक्तीच्या दातांचे चित्र घेतले. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात नॉर्थ कॅरोलायना राज्यातील अॅशव्हिल येथे सदर्न डेंटल असोसिएशनचे अधिवेशन भरले होते. तेथे केल्स यांनी व्यवसायबंधूंसमोर या यंत्राचे प्रात्यक्षिक करून दाखविले.

सुरुवातीच्या काळात एका चित्रासाठी रुग्णाला कित्येक मिनिटे निश्चल बसावे लागे आणि तेवढा वेळ फिल्म तोंडात स्थिर ठेवणे कठीण जाई. यासाठी केल्स यांनी फिल्म धरून ठेवणारे साधन तयार केले. फिल्म दाताच्या अक्षाला समांतर ठेवावी आणि किरण तिच्यावर काटकोनात पाडावेत, म्हणजे दाताची लांबी चित्रात खरी उमटते, हे तत्त्व त्यांनी आरंभीच मांडले. ही समांतर पद्धत त्या वेळी मागे पडली, मात्र विसाव्या शतकाच्या मध्यावर ती पुन्हा प्रचारात आली आणि आजही दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकविली जाते.

१८९९ मध्ये केल्स यांनी दाताच्या मुळाच्या नलिकेत धातूची तार घालून तिचे क्ष-किरण चित्र घेतले आणि तार मुळाच्या टोकापर्यंत पोहोचली आहे की नाही याची खात्री करून घेतली. त्यापूर्वी नलिकेची लांबी केवळ हाताच्या अंदाजावर आणि रुग्णाच्या वेदनेवर ठरविली जात असे. रूट कॅनॉल उपचारात लांबी मोजण्यासाठी चित्र घेण्याची पद्धत येथूनच सुरू झाली.

नळी जुळविण्याची पद्धत

केल्स यांना झालेली इजा समजून घेण्यासाठी त्या काळची क्ष-किरण नळी कशी चालत असे हे पाहणे आवश्यक आहे. ही काचेची नळी पूर्ण निर्वात नसे, तिच्यात थोडा वायू शिल्लक ठेवलेला असे. वापरताना नळी तापली की आतील वायूचा दाब बदले आणि त्याबरोबर किरणांची भेदकताही बदले. आज नीट चाललेली नळी उद्या तशीच चालेल याची खात्री नसे. त्यामुळे प्रत्येक रुग्णाच्या वेळी नळी नव्याने जुळवून घ्यावी लागे.

ही जुळणी करण्याची सर्वांत सोपी पद्धत म्हणजे नळी आणि प्रतिदीप्त पडदा यांच्यामध्ये स्वतःचा हात धरणे. हातातील हाडे पडद्यावर स्पष्ट दिसू लागेपर्यंत विद्युतप्रवाह कमीजास्त केला जाई. मग रुग्णाला खुर्चीत बसवून चित्र घेतले जाई. जगभरातील बहुतेक क्ष-किरण चालक हेच करीत होते आणि केल्सही वर्षानुवर्षे तेच करीत राहिले. नळीला कोणतेही आवरण नसल्यामुळे तिच्यातून निघणारे किरण सर्व दिशांना पसरत.

या पद्धतीत रुग्णाच्या आणि दंतवैद्याच्या वाट्याला येणारे किरण फार विषम होते. रुग्ण एकदा किंवा दोनदा किरणांसमोर येई आणि घरी जाई. दंतवैद्याचा हात मात्र दिवसातून अनेकदा, नळीच्या अगदी जवळ आणि कोणत्याही संरक्षणाशिवाय झोतात असे. क्ष-किरण दिसत नाहीत आणि पडताना वेदनाही होत नाही. त्यांचा परिणाम त्वचेवर काही दिवसांनी आणि कर्करोगाच्या रूपाने अनेक वर्षांनी प्रकट होतो. त्यामुळे धोका लक्षात येईपर्यंत इजा होऊन गेलेली असे.

धोक्याचे सुरुवातीचे इशारे

क्ष-किरण निरुपद्रवी नाहीत याच्या खुणा १८९६ मध्येच दिसू लागल्या होत्या. टेनेसी राज्यातील व्हँडरबिल्ट विद्यापीठात एका सहकाऱ्याच्या डोक्याचे चित्र घेण्याचा प्रयत्न झाल्यानंतर सुमारे तीन आठवड्यांनी त्याचे त्या जागेचे केस गळून पडल्याची नोंद जॉन डॅनियल यांनी केली. त्याच वर्षाच्या अखेरीस अभियंता एलिहू टॉमसन यांनी आपली करंगळी मुद्दाम किरणांसमोर धरली आणि काही दिवसांनी ती भाजल्यासारखी सुजली. तरीही अशा इजा किरणांमुळे नव्हे तर यंत्राभोवतीच्या विद्युतविसर्गामुळे होतात, असे मत अनेक तज्ज्ञांनी काही काळ धरून ठेवले.

हा प्रश्न प्रयोगाने सोडविण्याचे काम बॉस्टन येथील दंतवैद्य विल्यम रॉलिन्स यांनी केले. १८९८ मध्ये त्यांचा स्वतःचा हात क्ष-किरणांनी भाजला होता. त्यांनी गिनीपिग धातूच्या बंद पेटीत ठेवून, म्हणजे विजेचा परिणाम पूर्णपणे टाळून, त्यांच्यावर क्ष-किरण सोडले. प्राणी मेले. पुढे गाभण मादीवर केलेल्या प्रयोगात गर्भही दगावला. १९०१ आणि १९०२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या निष्कर्षांबरोबर रॉलिन्स यांनी तीन उपाय सुचविले. नळी शिशाने मढविलेल्या पेटीत बंद करावी, पडद्याकडे पाहणाऱ्याने शिशाच्या काचेचा चश्मा लावावा आणि रुग्णाचा तपासायचा भाग सोडून बाकीचा भाग झाकावा. दंतवैद्यकातील रुग्णाच्या संरक्षणाची जवळजवळ सर्व मूलभूत तत्त्वे या उपायांमध्ये आढळतात. परंतु त्या वेळी त्यांच्याकडे फारसे लक्ष दिले गेले नाही. १९०४ मध्ये थॉमस एडिसन यांचे सहाय्यक क्लॅरेन्स डॅली यांचा क्ष-किरणांमुळे झालेल्या कर्करोगाने मृत्यू झाला, तेव्हा या धोक्याची चर्चा सर्वसामान्य लोकांपर्यंत पोहोचली. तोवर केल्स यांचा हात आठ वर्षे किरणांच्या झोतात जात होता.

अनावश्यक दात काढण्याला विरोध

क्ष-किरणांमुळे रुग्णाचे नुकसान होण्याचा आणखी एक मार्ग केल्स यांनी दाखवून दिला, तो म्हणजे चित्राचा चुकीचा अर्थ लावणे. १९१० मध्ये ब्रिटिश वैद्य विल्यम हंटर यांनी माँट्रियल येथील व्याख्यानात दंतवैद्यांच्या कामावर कडक टीका केली. दातांभोवती दडलेला जंतुसंसर्ग शरीरातील इतर अनेक आजारांना कारणीभूत ठरतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. या मताचा प्रसार झाल्यावर अमेरिकेत दात काढण्याची लाटच आली. मज्जा मृत झालेला किंवा रूट कॅनॉल केलेला दात संशयास्पद ठरू लागला. क्ष-किरण चित्रात मुळाच्या टोकाशी काळसर छटा दिसली की तेवढ्या आधारावर दात काढला जाई आणि कित्येक रुग्णांचे सगळेच दात काढले जात.

क्ष-किरण चित्रांचा प्रसार करणाऱ्या केल्स यांनीच या लाटेला विरोध केला. चित्रातील प्रत्येक सावली म्हणजे रोग नव्हे, तपासणी आणि लक्षणे यांच्याशी ताडून पाहिल्याशिवाय केवळ चित्रावरून दात काढणे हा रुग्णावर अन्याय आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९२० मध्ये नॅशनल डेंटल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रदीर्घ लेखात त्यांनी या प्रकाराची संभावना त्या युगातील गुन्हा अशा शब्दांत केली. त्यांची भूमिका त्या काळच्या प्रचलित वैद्यकीय मताविरुद्ध जाणारी होती. पुढील दशकांत मूळ सिद्धांताला पुरेसा आधार न मिळाल्याने सरसकट दात काढण्याची प्रथा मागे पडली आणि केल्स यांचे म्हणणे योग्य ठरले.

लेखन

केल्स यांनी व्यावसायिक नियतकालिकांतून विपुल लेखन केले. १९२५ मध्ये त्यांचे द डेंटिस्ट्स ओन बुक हे दंतव्यवसायाच्या व्यवहाराविषयीचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यानंतर १९२६ मध्ये थ्री स्कोअर इयर्स अँड नाइन हे आत्मचरित्रपर पुस्तक आले. त्याच वर्षी त्यांनी क्ष-किरण चित्रणातील आपल्या तीस वर्षांच्या अनुभवांविषयी अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या नियतकालिकात लेख लिहिला. या लेखनाच्या काळात त्यांच्या हातावर एकामागून एक शस्त्रक्रिया होत होत्या.

आजार आणि मृत्यू

अनेक वर्षांच्या किरणपातामुळे केल्स यांच्या हाताच्या त्वचेला इजा झाली होती. तिचे रूपांतर पुढे कर्करोगात झाले. तो पसरू नये म्हणून प्रथम बोटे, मग हात आणि अखेर संपूर्ण बाहू काढावा लागला. त्यांच्यावर तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. हाताच्या कौशल्यावर जगणाऱ्या दंतवैद्याच्या दृष्टीने ही हानी केवळ शारीरिक नव्हती. तरीही शक्य होते तोपर्यंत ते लेखन आणि संशोधन करीत राहिले. रोग आटोक्यात येत नाही हे स्पष्ट झाल्यावर ७ मे १९२८ रोजी न्यू ऑर्लिन्स येथील आपल्या दवाखान्यात त्यांनी आत्महत्या केली. त्या वेळी ते ७१ वर्षांचे होते.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, जुलै १९२८ मध्ये, स्टॉकहोम येथे भरलेल्या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय प्रारणवैद्यक परिषदेत क्ष-किरण आणि रेडियमपासून संरक्षणासाठी एक आंतरराष्ट्रीय समिती स्थापन करण्यात आली. हीच समिती पुढे आंतरराष्ट्रीय प्रारण संरक्षण आयोग या नावाने ओळखली जाऊ लागली. प्रारणाच्या मात्रेविषयीचे बहुतेक देशांतील नियम या आयोगाच्या शिफारशींवर आधारलेले आहेत.

नंतरचे बदल

केल्स यांच्या हयातीतच हात धरून नळी जुळविण्याची गरज संपू लागली होती. १९१३ मध्ये विल्यम कूलिज यांनी तापलेल्या तंतूवर चालणारी पूर्ण निर्वात नळी तयार केली. तिच्यातील किरणांची तीव्रता आणि भेदकता यंत्रावरील बटणांनी ठरविता येऊ लागली. त्याच वर्षी ईस्टमन कोडॅक कंपनीने वेष्टनात बंद केलेली दातांची फिल्म बाजारात आणली. १९२३ मध्ये नळीचे लहान रूप वापरून खास दंतवैद्यकासाठी बनविलेले यंत्र उपलब्ध झाले.

पुढील काळात फिल्म अधिकाधिक संवेदनशील होत गेली. १९५५ मध्ये डी गतीची, १९८१ मध्ये तिच्या सुमारे निम्म्या किरणांत चित्र देणारी ई गतीची आणि २००० मध्ये त्याहूनही वेगवान एफ गतीची फिल्म आली. १९८७ मध्ये फिल्मऐवजी इलेक्ट्रॉनिक संवेदक वापरणारी पहिली अंकीय यंत्रणा फ्रान्समध्ये तयार झाली. वाल्कहोफ यांना ज्या चित्रासाठी २५ मिनिटे लागली, त्याहून स्पष्ट चित्र आता सेकंदाच्या काही अंशात मिळते.

रुग्णांची सुरक्षितता: आजची स्थिती

केल्स यांच्या मृत्यूची हकिकत वाचून दातांचा एक्स-रे काढणे धोक्याचे आहे असा समज होण्याची शक्यता असते. प्रत्यक्षात त्यांना मिळालेली मात्रा आणि आजच्या रुग्णाला मिळणारी मात्रा यांची तुलना होऊ शकत नाही. तोंडात फिल्म किंवा संवेदक ठेवून काढलेल्या एका चित्राची परिणामी मात्रा साधारणपणे १० मायक्रोसीव्हर्टपेक्षा कमी असते. संपूर्ण जबड्याच्या चित्रात, म्हणजे ओपीजीमध्ये, ती सुमारे १० ते २५ मायक्रोसीव्हर्ट असते. माती, खडक, हवा, अन्न आणि अवकाशातून येणारे किरण यांपासून प्रत्येक माणसाला जागतिक सरासरीने वर्षाला सुमारे २,४०० मायक्रोसीव्हर्ट, म्हणजे दिवसाला सुमारे साडेसहा मायक्रोसीव्हर्ट, नैसर्गिक मात्रा मिळत असते. दाताच्या एका चित्रातून मिळणारी मात्रा एक-दोन दिवसांच्या नैसर्गिक मात्रेहून अधिक नसते. शंकूच्या आकाराचा झोत वापरून काढल्या जाणाऱ्या त्रिमितीय सीबीसीटी चित्रणात मात्रा बरीच जास्त असते. म्हणून ते साध्या चित्राने काम भागत नसेल तेव्हाच करणे अपेक्षित असते.

मात्रा कमी असली तरी ती शून्य नाही. त्यामुळे पुढील तत्त्वे पाळली जातात:

* प्रत्येक चित्रामागे वैद्यकीय कारण असावे. आधी तोंडाची तपासणी करावी आणि मगच चित्र सांगावे. ठरावीक काळाने सरसकट चित्रे काढू नयेत.
* जुनी चित्रे उपलब्ध असतील तर ती आधी पाहावीत. दवाखाना बदलताना रुग्णाने ती सोबत नेल्यास पुन्हा किरण घेण्याची वेळ टळू शकते.
* संवेदनशील फिल्म किंवा अंकीय संवेदक वापरावा आणि झोत तपासायच्या भागापुरता मर्यादित ठेवावा. गोल झोताऐवजी आयताकृती झोत वापरल्यास रुग्णाची मात्रा लक्षणीय प्रमाणात घटते.
* फिल्म किंवा संवेदक धारकाच्या मदतीने ठेवावा. दंतवैद्याने किंवा मदतनीसाने तो रुग्णाच्या तोंडात हाताने धरून ठेवू नये.
* लहान मुलांच्या ऊती प्रारणाला अधिक संवेदनशील असल्याने त्यांच्यासाठी मात्रा वेगळी ठरवावी.
* गरोदर स्त्रीने आपल्या स्थितीची कल्पना दंतवैद्याला द्यावी. झोत गर्भाशयापासून दूर असल्याने, उपचारासाठी आवश्यक असलेले दाताचे चित्र गरोदरपणातही काढता येते.

शिशाचा एप्रन आणि गळपट्टा यांविषयीचे मत अलीकडे बदलत आहे. झोत नीट मर्यादित केल्यावर शरीराच्या इतर भागांवर पडणारे किरण अत्यल्प असतात. शिवाय एप्रन किंवा गळपट्टा चित्राच्या आड आल्यास चित्र पुन्हा काढावे लागते. या कारणांमुळे अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०२४ मध्ये त्यांचा सरसकट वापर थांबविण्याची शिफारस केली. मात्र प्रत्येक देशाचे आणि राज्याचे नियम वेगळे असू शकतात. भारतात मुंबई येथे मुख्यालय असलेली अणुऊर्जा नियामक परिषद ही क्ष-किरण यंत्रांवर नियंत्रण ठेवते आणि दंतवैद्यकातील यंत्रांनाही तिच्याकडील नोंदणी आवश्यक असते.

मूल्यमापन

दंतवैद्यकाच्या इतिहासात केल्स यांचे स्थान दुहेरी आहे. एकीकडे समांतर पद्धत, फिल्मधारक, मूळनलिकेची लांबी मोजणे आणि शोषक पंप यांसारख्या आजही वापरात असलेल्या गोष्टींचे ते आद्य पुरस्कर्ते होते. दुसरीकडे, नव्या साधनाचे परिणाम समजण्यापूर्वी ते रोज हाताळणाऱ्या पिढीचे ते प्रतिनिधी होते. रॉलिन्स यांनी धोक्याचे कारण आणि त्यावरील उपाय प्रयोगांनी सिद्ध केले होते. ते वेळीच स्वीकारले गेले असते, तर केल्स यांच्यासह अनेकांची हानी टळण्याची शक्यता होती. प्रत्येक चित्रामागे कारण असावे, किरण शक्य तितके कमी वापरावेत आणि चित्राचा अर्थ रुग्णाच्या तपासणीशी ताडून लावावा, या तीन गोष्टींवर आजची सुरक्षितता उभी आहे. यांपैकी तिसरी गोष्ट केल्स यांनी आपल्या लेखनातून आग्रहाने मांडली, तर दुसरीचे महत्त्व त्यांच्या आजाराने दंतवैद्यांच्या पुढील पिढ्यांना पटवून दिले.